पदराच्या गाठीतला गूळ

कौसामावशी कामावरून परतली की गल्लीतली पोरं खेळ सोडून तिच्याकडे धावायची. तिच्या पदराला गाठ असायची आणि गाठीत गूळ. उंबऱ्यावर बसून ती दातांनी गाठ सोडायची, बोटांनी गुळाचे तुकडे करायची आणि ओरडायची, "ढकलू नका रे मेल्यांनो! राशनचं दुकान न्हाई हे, मावशीचं घर हाय. समद्यांना भेटंल." आणि खरंच सगळ्यांना मिळायचा. मलाही मिळायचा. त्या गुळावर मी लहानाची मोठी झाले.

आमची वस्ती रबाळ्याच्या कारखान्यांमागे, टेकडीच्या उतारावर. मावशीचं आणि आमचं घर एका भिंतीचं. जालन्याकडच्या खेड्यातून ती लग्न करून इथे आली, नवरा लवकर गेला, मागे एक मुलगी, वनिता. मग मावशी बॅटरीच्या एका शेडमध्ये कामाला लागली ती कायमची. शेडचं नाव मी लिहीत नाही. अशा शेडची पाटी बदलत राहते, आतली धूळ तीच असते.

बॅटरीच्या पोटात शिशाच्या पट्ट्या असतात. भट्टीवर पुरुष. पट्ट्या ब्रशने घासायच्या, कडा झटकायच्या, एकावर एक रचायच्या, हे बायांचं काम. घासताना राखाडी भुकटी उडायची. ती केसांत बसायची, भुवयांवर बसायची, साडीच्या घड्यांत शिरायची. तोंडाला बांधायला बायांकडे स्वतःचा पदर होता. दुपारच्या सुट्टीत कंपनी प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळाने धूळ गळ्याखाली उतरते आणि पोटावाटे निघून जाते, असं तिथे सगळेच मानायचे. मालक मानत होता की नाही मला ठाऊक नाही. मास्क आणि धूळ ओढणारे पंखे यांच्यापेक्षा गूळ स्वस्त पडतो, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं.

मावशी अर्धा खडा खायची आणि अर्धा गाठीला बांधायची. गल्लीतल्या लेकरांसाठी.

माझे बाबा युनियनचं काम करायचे. आमच्या पलंगाखाली धान्याऐवजी पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. मावशीला याची भारी गंमत वाटायची. मला गूळ देताना ती हटकून म्हणायची, "घे गं, खा. तुझ्या बापाचे कागद खाऊन पोट भरत न्हाई." बाबा आतून ओरडायचे, "कौसाबाई, तुमच्या शेडच्या गेटवर वाटायला येऊ का उद्या?" त्यावर ती, "या की! पण पाठीमागून कोरं ठेवा. लेकीला गणितं करायला व्हईल."

ती कोणाला घाबरायची नाही. एकदा निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून गल्लीत आला. मागे ढोल, पुढे फोटोवाला. मावशी नळावर रिकामा हंडा घेऊन उभी होती. तिने तो हंडा उचलला आणि त्याच्या जोडलेल्या हातांवर ठेवून दिला. "धरा जरा," म्हणाली, "पाणी यीस्तोवर." फोटोवाल्याने फोटो काढला. उमेदवार हंडा धरून हसत उभा राहिला, कारण ठेवायचा कुठे हे त्याला कळेना. पाणी काही आलं नाही. पण पुढे कितीतरी दिवस गल्लीतली पोरं हंडा हातात देऊन एकमेकांना "धरा जरा, साहेब" म्हणत होती.

आणि तिची हाक. जयंतीच्या मिरवणुकीत ती बायांच्या पुढे असायची. उजवा हात कोपरापासून ताठ वर, पंजा उघडा, आणि असा "जय भीम" की ढोलवाल्याचा ठेका चुकावा. कोणी भेटलं तरी तोच हात वर. मी तिला आठवते तेव्हा आधी तो हात आठवतो.

ही बाई कशी कमी कमी होत गेली, ते मला सांगायचं आहे. आणि ते कसं होऊ दिलं गेलं, तेही.

पहिल्यांदा पोट. कळ आली की ती गुडघे छातीशी घेऊन जमिनीवर पडायची आणि दात आवळून म्हणायची, "आलं गं बाई, आलं." संडासला दिवसेंदिवस होत नव्हतं. नाक्यावरच्या डॉक्टरने सांगितलं, गॅस आहे. पांढऱ्या गोळ्या दिल्या. मग अन्नाची चव गेली. वनिताने केलेल्या आमटीला ती नावं ठेवू लागली: "तोंडात रुपया धरल्यागत लागतंय." वनिता रडकुंडीला यायची. मग चेहरा उतरला, पिठासारखा पांढुरका झाला. दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं, रक्त कमी आहे, पालेभाजी खा. मग सांधे दुखायला लागले, डोकं दुखायला लागलं, झोप उडाली. तिसऱ्याने सांगितलं, वय आहे, पाळी जाताना बायकांना असं होतंच.

सगळ्यांत वाईट म्हणजे तिचा स्वभाव गेला. जिला गल्लीतल्या प्रत्येक पोराचं नाव, त्याच्या आईचं नाव आणि आईच्या माहेरचं गाव तोंडपाठ, ती मला वनिता म्हणायला लागली. नळावर यायची आणि कशाला आलो ते विसरून उभी राहायची. वनिताची मुलगी तनू तेव्हा बालवाडीत होती. दोघी मावशीकडेच राहायच्या, तनू आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. एका संध्याकाळी तिच्या हातून दूध सांडलं आणि मावशीने तिच्या थोबाडीत मारली. मावशीने आपल्याच हाताकडे पाहिलं, घरात गेली आणि दार लावून घेतलं. बाया म्हणाल्या, कौसा बिघडली. शिसं माणसाच्या हाडांत बसतं हे मी नंतर वाचलं. ते स्वभावातही बसतं, हे आम्ही समोर बघत होतो आणि आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं.

तिच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, एक निळसर काळी रेघ होती. ती सगळ्यांना दिसायची आणि सगळ्यांना तिचं कारण माहीत होतं: मिश्री. आमच्याकडच्या कितीतरी बाया सकाळी जळकी तंबाखू हिरड्यांना घासतात, मावशीही घासायची. तिन्ही डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि तिन्ही जणांनी तिलाच झापलं. "मिश्री सोडा आधी." ती सांगायची, "सोडली हो सायेब. पोरगी शाळंत असतानाच सोडली." ते मान हलवायचे. बाईमाणूस मिश्रीबद्दल खरं कुठे सांगतं, असा तो चेहरा. एकानेही विचारलं नाही की मिश्री सोडून इतकी वर्षं झाली, तर रेघ कुठून येते? एकानेही विचारलं नाही की मावशी, तुम्ही काम काय करता?

माझा राग इथे सुरू होतो आणि अजून थांबलेला नाही. पोट दुखतं, घ्या गॅसची गोळी. रक्त कमी, खा पालेभाजी. विसरता, तर टेन्शन घेऊ नका. चिडता, तर बायकांचं असंच असतं. हिरडी काळी, तर तुमची सवय वाईट. एका बाईच्या अंगावर कारखाना एकच मजकूर लिहीत होता आणि प्रत्येक जण त्यातला एक-एक शब्द वाचून तिच्यावरच ठपका ठेवत होता. कंपनीत दरवर्षी तपासणी व्हायची, नाही असं नाही. एक गाडी यायची, वजन करायची, ब्लड प्रेशर बघायची आणि निघून जायची. रक्तातलं शिसं तेवढं कोणी तपासत नव्हतं. शिशाच्या कारखान्यात!

मग हात गेला.

ती दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि मी आमच्या दारात होते. तिने साडी उचलली, दंड वर गेला, कोपर वर गेलं, पण मनगटापासून पुढचा पंजा खालीच लोंबत राहिला. दुखत नव्हतं. तिने पुन्हा उचलला. पुन्हा तसंच. ती हसली. "बघ गं," म्हणाली, "हात वर जातुया, पंजा म्हनतो मी न्हाई येत." शेजारणी म्हणाल्या लकवा. वनिता महापेच्या आयटी पार्कात साफसफाईला जायची. तिने त्या दिवशी खाडा केला, तनूला कडेवर घेतलं, मला सोबत घेतलं आणि आम्ही मावशीला पालिकेच्या दवाखान्यात नेलं.

तिथे अस्मा नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांनी पेन उचललं आणि नाव, वय विचारून झाल्यावर तिसराच प्रश्न विचारला: "मावशी, काम काय करता?"

"कंपनीत."

"कसल्या कंपनीत?"

"बॅटरीच्या. पट्ट्या घासायला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही हात समोर धरा. असे, तळवे खाली." मावशीने धरले. डावा पंजा सरळ राहिला, उजवा लोंबला. "आता तोंड उघडा."

"मिश्री न्हाई लावत मी," मावशी आधीच म्हणाली. सवयीने.

"मला माहितीये," डॉक्टर म्हणाल्या. "मिश्रीची अशी रेघ नसते. हे शिसं आहे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्यावर पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला होता.

रक्त घेतलं. मग डॉक्टरांनी घरातल्यांची चौकशी सुरू केली. कामाचे कपडे घरी धुता का? आंघोळ कुठे करता? नात जवळ झोपते का? तिचं पोट दुखतं का, भूक लागते का, बालवाडीत लक्ष लागतं का? वनिता म्हणाली, "बाई म्हणतात, सांगितलेलं लक्षात ठेवत नाही. सारखी कुरकुर करते. माती खाते." डॉक्टरांनी तनूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "कंपनीतून खायचं काही घरी आणता का?"

"न्हाई," मावशी म्हणाली. मग तिच्या तोंडावर काहीतरी झालं. "गूळ आनती."

"तिथे उघड्यावर मिळतो?"

"हातावर देत्यात. मी पदराला बांधून आनती. लेकरांसाठी."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की गूळ शिशावर उतारा नाही, कधीच नव्हता. तो चिकट असतो, हातावरची आणि पदरावरची भुकटी त्याला लागते. आणि लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शिरतं.

मावशीने पदर हातात घेतला. नेहमीची गाठ होती तिथे, कालचीच. ती सोडायला दात लावणार होती, तोंडाजवळ नेली आणि थांबली.

"म्हंजी मीच," म्हणाली.

"तुम्ही नाही मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही." पण मावशीला ते ऐकू गेलं नसावं.

तिच्या रक्तात शिसं भरलेलं निघालं. तनूच्याही रक्तात निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, पहिलं औषध म्हणजे त्या धुळीपासून दूर राहणं, बाकीचं त्यानंतर. मावशीच्या मनगटाला आधाराची पट्टी बांधली. हात सावकाश सुधारेल, पूर्ण सुधारेल याची खात्री नाही. तनू लहान आहे, शिसं आता थांबलं तर बरं होईल. किती बरं होईल, ते कोणी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने जे केलं ते किती जणांना जमेल, मला माहीत नाही. ती गल्लीत घरोघर गेली. ज्या घरात लेकरू होतं त्या प्रत्येक दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी दिलेल्या गुळात विष हुतं. मला ठावं नव्हतं. लेकराला दवाखान्यात न्या, रक्त दाखवा, कौसाबाईनं पाठवलं म्हना." मधे-मधे ती विसरायची, एकाच दारात पुन्हा जायची आणि तेच पुन्हा सांगायची. काही जणींनी तिला घरात बसवलं. एकीने तोंडावर दार आपटलं. एक जण भर गल्लीत ओरडली, "गोड बोलून आमच्या पोरांना मारायला निघाली होतीस का गं?" मावशी उभी राहून ऐकत होती. जिने उमेदवाराच्या हातात हंडा दिला होता ती बाई मान खाली घालून शिव्या खात होती. मी मधे पडायला गेले, तर म्हणाली, "बोलू दे. तिच्या पोराला दवाखान्यात नेऊ दे आन मग किती बी बोलू दे."

शिव्या खायला ती होती. गूळ ज्याने वाटला तो गाडीच्या काचा वर करून नवी मुंबईच्या रुंद रस्त्यांवरून घरी जात होता. त्याच्या मुलांनी त्या शेडमधलं काही खाल्लं असेल का?

मग मावशी गेटवर गेली. बाया सुटायच्या वेळेला. मी होते, बाबा होते, बाबांच्या हातात अर्थातच पत्रकं होती. सुपरवायझर बाहेर आला. मावशीला तो कायम मान देऊन बोलायचा. आज नाही.

"मावशी, मिश्री लावून लावून हिरड्या काळ्या केल्या आणि आता कंपनीवर ढकलता का?"

मावशीने तोंड उघडलं आणि डाव्या हाताच्या बोटाने ओठ वर केला. सगळ्यांना दिसेल असा. "मिश्री माझी तवाच सुटली," म्हणाली. "ही रेघ हितली हाय." मग ती बायांकडे वळली. "हात पुढं करा गं. तळवे खाली. मला डॉक्टरीनबाईनं सांगितलंय तसं."

बाया घुटमळल्या. मग एकीने केले. मग दुसरीने. गेटसमोर राखाडी हातांची एक ओळ उभी राहिली. बहुतेक हात सरळ होते. काही थरथरत होते. भट्टीच्या बाजूच्या एका बाईचा पंजा हळूहळू खाली आला आणि तिला स्वतःलाच ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती दुसऱ्या हाताने तो वर उचलायला लागली.

"तुमी बी करा की, सायेब," मावशी सुपरवायझरला म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. "तुमी बी तितलीच धूळ खाता. तुमचं बी पोट दुखतं, मला म्हाईत हाय. हात राहू द्या. ओठ तरी वर करा."

सुपरवायझरचा चेहरा तिच्यासारखाच पांढुरका होता. मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. त्याने ओठ घट्ट मिटले, वळला आणि आत गेला.

तक्रारी झाल्या. बाबांनी अर्जांवर अर्ज केले. एक साहेब तपासणीला आले, त्या दिवशी शेडमध्ये पाणी मारून झाडलेलं होतं आणि प्रत्येकीच्या तोंडाला नवा मास्क होता. साहेब गेले, मास्कही गेले. मावशीला "तब्येत सांभाळा" म्हणून घरी बसवलं. पण अगदीच काही बदललं नाही असं कोणी म्हणू नये. कंपनीने गेटच्या आतल्या भिंतीवर एक पाटी लावली. मी ती स्वतः वाचली आहे. "गूळ आवारातच खावा. गूळ बाहेर नेण्यास सक्त मनाई आहे." एवढंच. पंखे नाहीत, नळ नाही, साबण नाही, रक्ताची तपासणी नाही. विष आवारातच खावं, एवढी काळजी त्यांनी घेतली.

मी आता कामोठ्यात राहते. मागच्या महिन्यात बाबांना भेटायला रबाळ्याला गेले, तेव्हा संध्याकाळी मुद्दाम शेडच्या रस्त्याने निघाले. गेटच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, कौसामावशी उभी होती. एका बाजूला पाण्याचं पिंप, दगडावर साबणाची वडी. उजव्या मनगटाला पट्टी, डाव्या हातात तांब्या. तनू तिच्याबरोबर नव्हती; तनूला या रस्त्याला यायची तिने बंदी केली आहे. सुटलेल्या बाया रस्ता ओलांडून तिच्याकडे येत होत्या, वाकून हात पुढे करत होत्या आणि ती पाणी ओतत होती. राखाडी पाणी गटारात जात होतं.

मी "जय भीम, मावशी" म्हणाले. तिने पट्टीचा हात वर केला. कोपरापासून ताठ गेला. पंजा पट्टीमुळे तेवढा उभा होता. "जय भीम, वनिता," ती म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही.

रांगेतल्या एका तरुण बाईचा पदर तिने पकडला. त्याला गाठ होती.

"हे काय गं?"

"थोडासाच आहे, मावशी," ती बाई ओशाळून म्हणाली. "पोरासाठी ठेवलाय."

"म्हनूनच," मावशी म्हणाली. तांब्या खाली ठेवला, डाव्या हाताने गाठ पकडली, सुटेना, तशी त्या बाईलाच म्हणाली, "सोड. दात लावू नको. हातानं सोड." गूळ गटारात पडला. मावशीने तांब्या उचलला आणि आधी तिच्या हातांवर, मग तिच्या पदराच्या टोकावर पाणी ओतायला लागली.